न गेलेला करकोचा

गोर्ना स्लिवा गावच्या फुटबॉल क्लबचं नाव ओरेल, म्हणजे गरुड. नाव ठेवणारा माणूस एकतर फार आशावादी असणार, नाहीतर प्यायलेला असणार. जिल्हा लीगच्या अगदी तळाला, जिथून खाली पडायला पायरीच उरत नाही, तिथे हा गरुड कित्येक वर्षं पंख मिटून बसला होता.

आता तिथूनही हाकलून द्यायची वेळ आली होती. नियम सोपा होता: एका हंगामात तीनदा मैदानात उतरला नाहीत, की क्लब कायमचा कटाप. पहिल्यांदा बोंब झाली ती ऑक्टोबरात. गावच्या भट्टीवर दारू गाळायचा नंबर नेमका त्या रविवारी लागला, आणि आंबलेली आलुबुखारं पिंपात सोडून बॉलमागे धावेल असा गाढव अख्ख्या संघात एकही नव्हता. दुसऱ्यांदा बोंब झाली ती आठ मार्चला, महिला दिनी. गावातल्या झाडून सगळ्या बायका हॉटेलात नाचायला गेल्या आणि पोरं बापांच्या गळ्यात पडली. मधल्या फळीतला एक जण कडेवर जुळी घेऊन मैदानावर आला होता, पण तसं खेळता येत नाही म्हणे.

आता मार्च अजून सरला नव्हता आणि तिसरी पाळी दारात उभी होती. कामेन्याकचा संघ बसमधून उतरून मैदानाच्या कडेला पाय ताणत होता. ओरेलचा गोलकीपर आणि आणखी तिघं शेजारच्या गावी बारशाला गेले होते आणि तिथून उभ्याने परत येण्याची शक्यता नव्हती. कोच रुस्कोनं कपडे बदलायच्या खोलीत डोकी मोजली. सहा भरली. खेळायला किमान सात लागतात. मग त्यानं खुंटीवरचा गोलकीपरचा पिवळा शर्ट काढला आणि स्वतःच्या पोटावरून खाली ओढला. बऱ्याच वर्षांपूर्वी जागा भरायला म्हणून त्यानं खेळाडूंमध्ये आपलंही नाव घातलं होतं. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी ते कामाला आलं.

रुस्को पूर्वी बस चालवायचा. आता तो मैदानाचं गवत कापायचा, गोलपोस्ट रंगवायचा, शर्ट धुवायचा आणि उरलेल्या वेळात कोच होता. लोक म्हणायचे, खेळाचं वेड आहे माणसाला. वेडबिड काही नव्हतं. त्याची बायको डेंका तीन वर्षांपूर्वी इटलीत एका म्हातारीची सेवा करायला गेली. घराचं छप्पर गळत होतं, तेवढं झालं की परत यायचं होतं. छप्पर झालं. मग न्हाणीघर झालं. पहिल्या ऑगस्टात ती यायची, तर म्हातारीचं कमरेचं हाड मोडलं. दुसऱ्या ऑगस्टात म्हातारीची मुलगी समुद्रावर गेली. तिसऱ्या ऑगस्टात कारण सांगायचंही राहून गेलं.

दर रविवारी संध्याकाळी मात्र फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "किती किती?" मग रुस्को रंगात यायचा. सहा-शून्य, आठ-शून्य, पेनल्टी कुणी कबरस्तानात मारली, पंचाला कुणाच्या सासूनं छत्री फेकून मारली. डेंका हसता हसता खोकायला लागायची. हिवाळ्यात सामने नसत. तेव्हा "थंडी आहे का?", "आहे", "जेवलास का?", "जेवलो" एवढं झालं की दोघं गप्प बसत आणि ती म्हणायची, "बरं, ठेवते." क्लब गेला तर बाराही महिने हिवाळाच. याची रुस्कोला भयंकर भीती वाटायची, आणि ती त्यानं कुणालाही सांगितली नव्हती.

त्याच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली आणखी एक गोष्ट होती, तीही त्यानं कुणाला सांगितली नव्हती.

एक मार्चला गावात एकही मनगट रिकामं राहत नाही. आई, आजी, बायको, बहीण, ज्याला जी असेल ती लाल-पांढऱ्या लोकरीची मार्तेनीत्सा बांधते, तब्येत चांगली राहो म्हणते, आणि तो दोरा पहिला करकोचा किंवा पहिलं फुललेलं झाड दिसेपर्यंत हातात राहतो. मग तो सोडून फळझाडाला बांधायचा. त्याआधी काढला तर मार्ता आजी कोपते, आणि मार्च महिना ज्या म्हातारीच्या ताब्यात आहे तिच्याशी वाकडं घेण्याची कुणाची हिंमत नसते. तीन वर्षांपूर्वी डेंकानं हा दोरा बसस्टँडवर, खांद्याला बॅग अडकवलेली असताना रुस्कोच्या हाताला बांधला होता आणि म्हणाली होती, "करकोचा दिसायच्या आत परत येते बघ."

रुस्कोनं त्यावरून साधा हिशेब मांडला. जोवर करकोचा दिसला नाही, तोवर डेंकाला उशीर झालेला नाही. म्हणून तीन वसंत गेले तरी रुस्कोला करकोचा दिसला नव्हता.

हे काम सोपं नव्हतं. बेकरीच्या चिमणीवर घरटं, चर्चवर घरटं, एकाआड एक विजेच्या खांबावर घरटं. मार्च लागला की रुस्को स्वतःचे बूट बघत चालायचा आणि पक्षी परत गेले की मान वर करायचा. झाडांच्या फुलांचं त्यानं वकिली डोक्यानं मिटवून टाकलं होतं: डेंका करकोचा म्हणाली होती, आलुबुखार म्हणाली नव्हती. लोकांना वाटायचं, बस चालवून मान गेली बिचाऱ्याची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला मलमही दिलं होतं आणि त्यानं ते इमानदारीत लावलंही होतं.

यंदा तर हिवाळ्यातही सुटका नव्हती. गेल्या ऑगस्टात पंख मोडलेला एक करकोचा मागे राहिला आणि मैदानामागच्या झ्लाता आजीनं त्याला आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवून घेतला. तो फुकट मासे खायचा, कोंबड्यांवर डाफरायचा आणि काडीचं काम करायचा नाही, म्हणून गावानं त्याचं नाव मिनिस्टर ठेवलं. त्या दिवसापासून रुस्को ब्रेड आणायला मागच्या गल्लीनं वळसा घालून जात होता.

तर असे सात जण मैदानात आले आणि पंच स्विलेन त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. पंचविशीतला पोरगा, जिल्ह्याच्या गावाहून आलेला. त्यानं अर्ध्या चड्डीलाही इस्त्री केली होती.

"हातातलं काढा," तो म्हणाला.

"काय काढा?" गांचोनं विचारलं. गांचो कर्णधार, धंद्यानं खाटीक. त्याचं मनगट स्विलेनच्या मांडीएवढं होतं.

"ते दोरे. अंगावर दागिने चालत नाहीत. नियम आहे."

"दागिना? अरे लोकर आहे ही! माझ्या आजीनं बांधलीय."

"आजीनं बांधली तरी तेच. वर चिकटपट्टी लावलेलीही चालणार नाही."

सहाही जणांनी हात पाठीमागे घेतले. हे लोक डुकराला, पोलिसाला आणि कर्जवसुलीच्या माणसाला घाबरत नसत, पण मार्चमध्ये दोरा काढायचा म्हटल्यावर त्यांचे चेहरे उतरले. यंदा डोंगराच्या या बाजूला थंडी हटायलाच तयार नव्हती. गोलच्या मागचं आलुबुखाराचं झाड अजून खराट्यासारखं उभं होतं आणि बेकरीची चिमणी रिकामी होती.

"आमच्याकडे शुक्रवारीच आला करकोचा," कामेन्याकचा एक जण मोकळं मनगट नाचवत ओरडला. "तुमच्या गावात यायला त्यालाही लाज वाटत असेल!"

"आणि तुझा कुठंय रे बाळा?" कडेच्या बाकावरून आवाज आला. झ्लाता आजी आणि योवा आजी तिथे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसल्या होत्या. ओरेलचा प्रेक्षकवर्ग म्हणजे मुख्यतः त्या दोघीच. प्रश्न पंचाला होता.

स्विलेन लाल झाला. "गाडीत काढून ठेवलाय. ड्यूटीवर आहे मी."

"काढला? करकोचा न बघता?" योवा आजीच्या हातातल्या बिया सांडल्या. "तरीच म्हटलं पोरगा असा पिवळा का दिसतोय. आई आहे का तुला?"

"आहे."

"तिला माहितीय?"

स्विलेननं घड्याळ बघितलं. "पंधरा मिनिटं देतो. नाहीतर संघ खेळला नाही असं कळवावं लागेल."

"काढा रे पोरांनो," तो अजीजीनं म्हणाला. "एखादी सर्दी झाली तर काय मरताय का? विसाव्या शतकातसुद्धा लोक असल्या गोष्टी मानत नव्हते."

"रुस्कोकाका, आधी तुम्ही काढा," गांचो म्हणाला.

"माझ्या हातात काही नाही."

"घड्याळ आहे," स्विलेन म्हणाला. "तेही काढावं लागेल."

रुस्कोनं उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलं.

मग गावानं अक्कल लढवायला सुरुवात केली. गावाची अक्कल म्हणजे काय, तर पेन्यो. हा पोस्टमन होता आणि डाव्या बाजूनं खेळायचा, म्हणजे डाव्या बाजूला उभा राहायचा. त्यानं मोबाइलवर करकोच्याचा फोटो शोधून सगळ्यांसमोर धरला. "बघा! दिसला की नाही? चला, काढा आता."

"फोनात बघून पोट भरतं का तुझं?" झ्लाता आजीनं तिथेच निकाल दिला. "स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असतो."

मग कुणीतरी सुचवलं की कबरस्तानातली प्लॅस्टिकची फुलं आणून झाडावर खोचावीत. त्यावर योवा आजी उठून उभीच राहिली. "मेलेल्यांची फुलं चोरून तब्येत मागणार? माझ्या नवऱ्याच्या कबरीला हात लावलात तर तंगडी मोडीन एकेकाची!"

"मोडा, तसंही खेळताना वापरत नाहीत ते," कामेन्याकवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

निम्मी वेळ संपली. तेव्हा झ्लाता आजीनं पदरासारखा ओढलेला रुमाल डोक्यावर नीट केला आणि म्हणाली, "एवढा आटापिटा कशाला? माझ्या खुराड्यात आहे की एक."

मग गांचोनं मान हलवली. खाटीक असला तरी तो धर्माच्या बाबतीत काटेकोर होता. "आजी, तो कसा चालेल? करकोचा यावा लागतो. मिनिस्टर तर इथंच होता. जो गेलाच नाही, तो आला कसा म्हणायचं?"

"आणि जे गेले ते आले का रे?" आजी उसळून म्हणाली. "तुझा भाऊ गेला, आला का? माझ्या दोन्ही लेकी गेल्या, आल्या का? हा बिचारा एका पंखावर अख्खा हिवाळा काढून मार्चपर्यंत आला. कोंबड्यांत राहून आला, बर्फातून आला. याच्यापेक्षा लांबून कोण येणार आहे? जो राहिला त्याला मोजायचं नाही, तर कुणाला मोजायचं?"

योवा आजीनं "बरोबर आहे" म्हटलं, म्हणजे निकाल पक्का झाला. झ्लाता आजी लगबगीनं भिंतीतल्या खिंडारातून घराकडे निघाली.

रुस्को मात्र वळला आणि कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीला तोंड करून उभा राहिला. लहानपणी शाळेत उभं करायचे तसा. भिंतीवर कुणीतरी कोचबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या त्यानं नीट वाचल्या. शुद्धलेखन बरं होतं.

मागून माशांचा वास आला आणि मग तो आवाज, चोचीवर चोच आपटण्याचा, लाकडी ठकठक. तीन वर्षांत हा आवाज ऐकला की रुस्को पायाखाली बघायचा. आता त्यानं डोळेच मिटले.

"दिसला!" पेन्यो ओरडला. "मला दिसला!" मागोमाग बाकीचे पाचही ओरडले. बूट वाजवत सगळे आलुबुखाराकडे धावले.

"रुस्कोकाका," गांचोची हाक आली, "सातवे तुम्ही आहात. वळा की."

"तुम्ही व्हा पुढे. मी नंतर बघतो."

"तीन मिनिटं," स्विलेन म्हणाला.

झ्लाता आजी रुस्कोच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. डेंका गेली त्या दिवशी बसस्टँडवर तीही होती. सगळ्या गावात मलमावर विश्वास न ठेवणारी ती एकटीच. ती हळू आवाजात म्हणाली, "रुस्क्या, तू नाही बघितलास म्हणून तिला उशीर व्हायचा राहिला नाही रे."

रुस्कोला तिचा संताप आला. मग रडू आलं, आणि रडू आल्याचा परत संताप आला. दोरा गेला तर डेंकाला उशीर झाला हे कबूल करावं लागणार होतं. दोरा ठेवला तर संध्याकाळी फोन वाजेल, ती विचारेल किती किती, आणि तो म्हणेल सामना झालाच नाही, यापुढे होणारही नाही. मग थंडी आहे का, आहे. जेवलास का, जेवलो. बरं, ठेवते. असं किती रविवार चालेल? एक दिवस ती फोन करायचीच विसरेल आणि तिचा काही दोष नसेल.

रुस्को वळला आणि त्यानं डोळे उघडले.

पेनल्टी मारायच्या जागेवर, एका पायावर, मिनिस्टर उभा होता. पांढरा म्हणावा असा एकही भाग त्याच्या अंगावर उरलेला नव्हता. एक पंख लोंबत होता, शेपटाला कोंबडीचं पीस चिकटलं होतं आणि नजरेत सगळ्या जगाविषयी तुच्छता होती. या ध्यानाला घाबरून आपण तीन वर्षं बूट बघत चाललो, असं मनात येऊन रुस्कोला स्वतःचीच लाज वाटली.

"बघितला," तो म्हणाला. "आहे खरा."

त्यानं घड्याळ काढलं. खालचा दोरा सगळ्यांना दिसला. लाल रंग चहासारखा झाला होता, पांढरा करडा पडला होता. कुणी काही विचारलं नाही. असल्या संघाकडून एवढी समज कुणी अपेक्षिली नसती. गाठ सुटेना, तेव्हा गांचोनं पिशवीतून सुरा काढला. खाटीक कुठेही सुरा घेऊनच जातो. त्यानं जपून, कातडीला धक्का न लावता, दोरा कापून दिला. रुस्कोनं तो आलुबुखाराच्या खालच्या फांदीला बांधला. त्याच्या शेजारी स्विलेन उभा होता. तो गाडीतून आपला दोरा घेऊन धावत आला होता आणि इकडेतिकडे बघत घाईघाईनं बांधत होता.

"आईला सांगू नका," तो पुटपुटला आणि त्यानं शिट्टी वाजवली.

सामना झाला. त्याला सामना म्हणायचं तर म्हणा. मिनिस्टरनं मैदान सोडायला साफ नकार दिला. करकोच्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि त्याला कार्ड दाखवायची सोय नियमात नाही, त्यामुळे स्विलेनला खेळ तसाच चालू ठेवावा लागला. पहिल्या भागात पक्षी रुस्कोच्या गोलसमोर फिरत होता, पण त्यानं एकही बॉल अडवला नाही. रुस्कोनंही अडवला नाही. दुसऱ्या भागात तो फिरत फिरत कामेन्याकच्या गोलपाशी गेला आणि त्यांच्या कीपरच्या बुटाची नाडी गांडूळ समजून ओढायला लागला. कीपर पाय झटकत होता, तेवढ्यात पेन्योच्या पायाला लागून बॉल आपल्या मनानं घरंगळत आत गेला. पेन्यो त्या वेळी दुसरीकडेच बघत होता. हा ओरेलचा या हंगामातला पहिला गोल. योवा आजीनं आनंदाच्या भरात बियांची पुडी हवेत उडवली.

संध्याकाळी रुस्को स्वयंपाकघरात बसला होता. गुडघ्यावर बर्फ होता आणि ग्लासात घरचीच आलुबुखाराची. मनगटावर दोऱ्याचा पांढरा वळ उमटलेला होता आणि त्याचं लक्ष सारखं तिकडे जात होतं. फोन वाजला.

"किती किती?"

"नऊ-एक."

"एक? एक आपला? कुणी मारला?"

"पेन्योनं. म्हणजे खरं तर मिनिस्टरनं."

मग त्यानं सगळं सांगितलं. इस्त्रीची चड्डी, फोनातला करकोचा, कबरीवरची फुलं, नाडी. डेंका हसत होती, खोकत होती, मधेच पलीकडे इटालियन म्हातारीला काहीतरी समजावत होती आणि परत हसत होती. भिंतीचा भाग तो गाळणार होता. पण थांबता आलं नाही.

"डेंका," तो म्हणाला, "मला आज करकोचा दिसला."

"हो, सांगितलंस की."

"नाही. पहिल्यांदा दिसला. तू गेल्यापासून."

हसणं थांबलं. फोनमधून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला.

"आपल्या गावात?" ती म्हणाली. "तीन वर्षांत एकही नाही दिसला?"

"मान खाली घालून चालत होतो."

"तरीच नऊ खाल्लेस," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "दोरा?"

"कापला. झाडाला बांधला."

"म्हणजे मला उशीर झाला."

रुस्को नेहमीसारखं म्हणणार होता, नाही गं, कसला उशीर, म्हातारीला बरं वाटू दे आधी. ते वाक्य तोंडात तयारच होतं.

"झाला," तो म्हणाला. "फार झाला. आता ये ना गं घरी."

बरं, ठेवते, असं ऐकायची त्यानं तयारी केली.

"ठेवू नकोस फोन," डेंका म्हणाली. "चष्मा सापडत नाहीये. बसचं तिकीट बघते."

रुस्कोनं फोन ठेवला नाही. तसाच कानाला लावून तो अंगणात आला आणि मान वर करून बेकरीच्या चिमणीकडे बघत राहिला. ती अजून रिकामीच होती.